आर्मी लिस्ट: इतिहासाला धरून, तरीही खेळता येईल अशी

मिनिएचर वॉरगेममध्ये टेबलावर कोणते सैन्य किती मांडायचे हे ज्या कागदावर ठरते, त्याला आर्मी लिस्ट म्हणतात. प्रत्येक युनिटची पॉइंटमधली किंमत, कोणते युनिट घेणे सक्तीचे, कोणते जास्तीत जास्त किती घेता येते, ते कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत उपलब्ध होते आणि सोबत कोणाची कुमक आणता येते, एवढा तपशील तिच्यात साधारणपणे असतो. ब्रिटनमध्ये वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९६९पासून काढलेल्या नियमपुस्तकांनी प्राचीन आणि मध्ययुगीन काळासाठी ही पद्धत रुळवली. आज नेपोलियनच्या काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक खेळांत तिचे कोणते ना कोणते रूप दिसते.

या यादीकडून दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. प्रत्यक्ष लढाया समतोल नसत. शत्रूला बरोबरीची संधी मिळू न देणे हेच तर सेनापतीचे काम. खेळाला बसलेल्या दोघांना मात्र जिंकण्याची वाजवी शक्यता हवी असते, आणि तीन-चार तासांत निकालही हवा असतो. अशा वेळी पहिला मोह होतो तो सैन्यालाच कात्री लावण्याचा किंवा ठिगळ जोडण्याचा. दुबळ्या बाजूला तिच्याकडे कधीच नसलेल्या तोफा दिल्या जातात, जड बाजूच्या चार पलटणी गुपचूप कमी होतात. खेळ बरोबरीचा होतो खरा, पण मग टेबलावर उभे असलेले सैन्य कोणाचे, हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा सैन्य शक्य तितके जसे होते तसे ठेवावे, आणि तोल जमीन, वेळ, उद्दिष्ट आणि हुकूम पोचण्याच्या मर्यादा यांत शोधावा. ठरलेल्या लढाईसाठी हा मार्ग जवळजवळ नेहमीच चांगला ठरतो. खुल्या सामन्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

उदाहरणासाठी असईची लढाई सोयीची आहे. आजच्या जालना जिल्ह्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकत्र फौजेवर हल्ला केला. आकडे इतके विषम आहेत की पॉइंट मोजून बरोबरी साधणाऱ्या कोणत्याही पद्धतीचा तिथे कस लागतो.

आकडे आधी चाळून घ्यावेत

यादी करायला बसण्यापूर्वी हाती आलेला प्रत्येक आकडा कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे पाहावे. हजेरीपत्रकातली संख्या वेगळी आणि त्या सकाळी रांगेत उभे असलेले लोक वेगळे. आजारी, रजेवरचे, सामानाच्या पहाऱ्यावर ठेवलेले असे वजा केले की पलटण कागदावरच्यापेक्षा बरीच लहान निघते. शत्रूचा अंदाज तर बहुधा फुगलेलाच असतो. जिंकणाऱ्याला मोठ्या फौजेचा पराभव सांगणे आवडते आणि हरणाऱ्याला शत्रू मोठा होता असे सांगणे सोयीचे जाते. पानिपतच्या तिसऱ्या लढाईबद्दल काशीराज पंडिताच्या वृत्तांतात मराठ्यांचे ५५,००० स्वार आणि १५,००० पायदळ येते, तर जदुनाथ सरकारांनी एकूण लढाऊ संख्या ४५,०००च्या आसपास धरली. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानी फौजांबाबत एक भर आणखी: छावणीतले बाजारबुणगे लढणाऱ्यांत मोजले गेले आहेत का, हे आधी तपासावे.

असईबाबत इंग्रजांची बाजू बरीच निश्चित आहे. वेलस्लीबरोबर ७४वी आणि ७८वी या दोन गोऱ्या पलटणी, मद्रास पायदळाच्या पाच पलटणी, १९वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रास घोडदळाच्या तीन रेजिमेंट होत्या. लढाईत उतरलेले हे कवायती सैन्य साधारण साडेचार हजारांचे धरले जाते. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मिळून सुमारे ५,००० स्वार होते. शिंद्यांच्या बाजूला तीन कवायती कंपू होते, त्यांत सुमारे १०,८०० लोक. सर्वांत मोठा आठ पलटणींचा कंपू हॅनोव्हरच्या पोहलमनच्या हाताखाली होता आणि एक बेगम समरूचा होता. शंभराहून अधिक तोफा, दहा ते वीस हजार बिनकवायती पायदळ आणि तीस ते चाळीस हजार हलके स्वार ही बाकीची फौज.

शेवटच्या दोन आकड्यांत वरची मर्यादा खालचीपेक्षा दहा हजारांनी मोठी आहे, हे नजरेत भरायला हवे. इतका ढिला आकडा यादीत घट्ट करून लिहू नये. कवायती कंपूंची संख्या ठाम, घोडदळाची सैल, असा फरक यादीतही दिसला पाहिजे. घोडदळाला ‘किमान चार युनिटे, कमाल आठ’ अशी मोकळीक द्यावी आणि कवायती पायदळाला देऊ नये.

डोकी नव्हे, रुंदी

एक बाहुली म्हणजे किती माणसे, हे प्रमाण ठरवताना बहुतेक जण एकूण संख्येला भागाकार करत बसतात. एका बाहुलीला वीस माणसे हे जुन्या नियमांतले प्रमाण असईला लावले, तर शिंद्यांचे कवायती पायदळच ५४० बाहुल्यांचे होईल आणि घोडदळ दीड ते दोन हजारांचे. तेवढ्या बाहुल्या रंगवायला कोणाला सवड असते?

युनिटने जमिनीवर किती रुंदी व्यापली ही संख्या जास्त उपयोगी, कारण लढाईत कोण कोणाला भिडू शकतो हे तिच्यावर ठरते. इंग्रजी पद्धतीच्या पायदळात दोन रांगा असत आणि एका माणसाला साधारण ५६ सेंटिमीटर जागा लागे. ६०० लोकांची पलटण म्हणजे ३०० जोड्या, म्हणजे जवळपास १७० मीटर. ही पलटण टेबलावर १२ सेंटिमीटरची केली, तर एका सेंटिमीटरला चौदा मीटर असे प्रमाण निघते. वेलस्ली नदी ओलांडून आल्यावर पोहलमनने मोर्चा फिरवला, तेव्हा त्याची फळी सुमारे मैलभर पसरली होती, उजवी बाजू कैटना नदीवर आणि डावी दुसऱ्या नदीकाठच्या असई गावावर. तो मैल टेबलावर ११५ सेंटिमीटरचा होतो. नेहमीच्या सहा बाय चार फुटी टेबलाची रुंदी १२० सेंटिमीटर असते, म्हणजे दोन्ही नद्यांसकट रणभूमी जेमतेम बसते.

हाच हिशोब पुढे नेला की आणखी एक गोष्ट कळते. शिंद्यांची प्रत्येक पलटण तीन रांगांची आणि सव्वासहाशे लोकांची धरली, तर तिला सुमारे सव्वाआठ सेंटिमीटर लागतात. सगळ्या कवायती पलटणी एका ओळीत मांडायला दीडेक मीटर लागेल, आणि त्यांच्या पुढे तोफाही आहेत. म्हणजे काही पलटणी मागच्या ओळीतच राहणार. संख्येचा फायदा नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेने किती खाल्ला, हे कोणताही खास नियम न लिहिता टेबलच दाखवते. यादी करणाऱ्याने असे दाखवणारे प्रमाण निवडावे; बाहुल्यांची बेरीज त्यानंतर आपोआप येते. १२ सेंटिमीटरच्या पलटणीत २८ मिलिमीटर उंचीच्या बारा बाहुल्या पुरतात. गर्दी हवी असेल तर सहा किंवा दहा मिलिमीटरचे सैनिक घ्यावेत, पण बेसची रुंदी तीच ठेवावी.

घोडदळाला हा नियम जसाच्या तसा लावू नये. हलक्या स्वारांची संख्या आणि त्यांनी एका वेळी व्यापलेली जागा यांचा फारसा संबंध नसतो. असईला त्यांतले बहुतेक लढाईपासून लांबच राहिले. चार ते आठ युनिटे पुरेशी आहेत, आणि तीही टेबलाच्या कडेला.

प्रभाव आणि दुर्मिळता

पॉइंट युनिटच्या प्रभावाची किंमत सांगतात. ते युनिट किती वेळा भेटायचे हे पॉइंटने ठरत नाही. त्यासाठी किमान आणि कमाल संख्या असते. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की यादी बिघडते.

दुसऱ्या महायुद्धाचे खेळ याचे ठळक उदाहरण आहेत. जर्मनीने टायगर रणगाड्याची पहिली आवृत्ती सुमारे १,३५० इतकीच बनवली. अमेरिकन शर्मन सुमारे ४९,००० बनले. टायगर दुर्मिळ म्हणून त्याची किंमत चढवली, तर तो घेणाऱ्याला टेबलावर त्याच्या मोबदल्याचे काही मिळत नाही, कारण तोफगोळ्याला समोरचा रणगाडा किती बनले होते हे ठाऊक नसते. किंमत त्याच्या चिलखताची आणि तोफेची असावी. दुर्मिळता ‘एका फौजेत फार तर एक प्लाटून’ अशा मर्यादेने दाखवावी.

प्राचीन काळात हेच काम प्रमाणबद्ध मर्यादेने होते. पॉलिबियसने वर्णन केलेल्या रोमन लीजनमध्ये १,२०० हस्ताती, १,२०० प्रिंकिपेस, ६०० त्रियारी, १,२०० हलके वेलितेस आणि ३०० घोडेस्वार असत. लीजन मोठे केले तरी त्रियारी सहाशेच राहत, असेही तो सांगतो. त्रियारी हे सर्वांत मुरलेले सैनिक, त्यामुळे खेळाडूला तेच हवे असतात. यादीत नुसते ‘त्रियारी: ० ते ८’ असे लिहिले तर म्हाताऱ्या सैनिकांचीच फौज उभी राहील. ‘हस्तातींच्या दर दोन युनिटांमागे त्रियारींचे एक’ असे बांधले की खेळाडूला फौज लहान-मोठी करता येते आणि लीजनचे रूप मोडत नाही. नुसत्या कमाल संख्येपेक्षा अशी प्रमाणाची अट केव्हाही सरस, कारण ती कोणत्याही पॉइंटमर्यादेला चालते.

असईच्या यादीत तोफा आणि कवायती पलटणी अशाच एकत्र बांधाव्यात. शिंद्यांचे कवायती कंपू उभारणाऱ्या डी बॉयनच्या काळापासून त्या कंपूंत पायदळ आणि तोफखाना जोडीने वाढवला गेला होता. तोफा घ्यायच्या आणि पलटणी टाळायच्या, अशी सोय कोणाला मिळू नये.

पॉइंट कुठे चुकतात

पॉइंटचा कोणताही तक्ता एक सरासरी शत्रू आणि एक सरासरी जमीन गृहीत धरून बनतो. हत्तीची किंमत घोडदळाच्या विरुद्ध एक आणि हलक्या भालेफेक्यांच्या विरुद्ध दुसरी असायला हवी. तक्त्यात मात्र एकच छापली जाते. हा दोष कितीही मेहनत घेतली तरी पूर्ण जात नाही, त्यामुळे तक्त्यातल्या किमतीवर जास्त विसंबू नये.

संख्या आणि दर्जा यांचा हिशोब त्याहून चकवा देतो. ब्रिटिश इंजिनिअर एफ. डब्ल्यू. लँचेस्टरने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडलेले गणित इथे कामी येते. दोन्ही बाजूंच्या सगळ्यांना सगळ्यांवर मारा करता येत असेल, तर फौजेची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शत्रू चौपट असेल, तर त्याला तोडीस तोड व्हायला सोळापट दर्जा लागतो. पण अरुंद जागी एकास एक असेच भिडता येत असेल, तर चौपट संख्येला चौपट दर्जा पुरतो. वेलस्लीने कैटना ओलांडून दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई नेली, तेव्हा त्याने नेमके हे प्रमाण बदलून टाकले. उघड्या माळावर जे स्वार त्याच्या दोन्ही बगलांना वेढू शकले असते, त्यांना नद्यांनी बाहेर ठेवले. उघड्या मैदानाच्या गृहीतकावर काढलेले पॉइंट या लढाईत शिंद्यांच्या घोडदळाची किंमत कितीतरी जास्त दाखवतील.

पॉइंट बरोबर आले म्हणून खेळ बरोबरीचा होईल, किंवा विषम आले म्हणून एकतर्फी होईल, असे समजू नये. वेलस्लीने ही लढाई जिंकली, पण १,५८४ माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा हरवली. कवायती सैन्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. विजय इतका महाग पडणारी लढाई खेळायला मुळातच चांगली असते.

दर्जा देताना

जुन्या नियमपुस्तकांत एक सवय होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही: गोरी पलटण वरच्या दर्जाची, शिपायांची मधली आणि हिंदुस्थानी राजांची फौज सरसकट खालची. ही सवय इतिहासाला धरून नाही आणि खेळालाही कंटाळवाणी करते. दर्जा राष्ट्रावरून नव्हे, त्या युनिटच्या त्या मोहिमेतल्या कामगिरीवरून द्यावा.

असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. संगिनींनी कापले गेले तेही तोफांपाशीच. इंग्रज फळी पुढे निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला मागे फिरावे लागले. अशा तोफखान्याला सर्वोच्च दर्जा देण्यात काही उदारपणा नाही. कवायती पायदळही चांगलेच होते. लढाई चालू असताना मोर्चा एका नदीकडून फिरवून काटकोनात वळवणे कच्च्या सैन्याला जमत नाही.

मग कमी काय होते? हुकमाची साखळी. युद्ध तोंडावर आले तेव्हा शिंद्यांच्या चाकरीतले बरेच इंग्रज आणि मिश्रवंशीय अधिकारी बाहेर पडले होते, कंपू तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे होते, आणि खुद्द शिंदे आणि भोसले लढाईच्या सुरुवातीलाच मैदान सोडून गेले. म्हणून सैनिकांचा दर्जा वरचा ठेवावा आणि सरदारांचा खालचा: हुकूम कमी द्यावेत, तीन कंपूंना एकत्र हालवायला फासे टाकावे लागावेत, आणि एका कंपूच्या सेनापतीचा हुकूम दुसऱ्या कंपूला चालू नये. मराठी बाजू खेळणाऱ्याला चांगले सैनिक आणि वाईट यंत्रणा घेऊन झगडावे लागते. हे अवघड असते, पण रंगते, आणि शिंद्यांच्या फौजेची खरी अडचणही हीच होती.

इंग्रज बाजूलाही असाच एक दोष ठेवावा. उजवीकडच्या पिकेटच्या तुकड्यांना असईपासून दूर राहायचे होते, पण त्या सरळ गावाच्या तोंडी गेल्या आणि मागोमाग ७४वी पलटणही ओढली गेली. गावातल्या तोफा-बंदुकांनी तिची चाळण केली, तिला चौकोन करून उभे राहावे लागले आणि मॅक्सवेलच्या हाताखालच्या इंग्रज घोडदळाने धावून जाऊन उरलेल्यांना वाचवले. खेळाडूच्या हातून ही चूक आपण होऊन होणार नाही, कारण त्याने निकाल आधीच वाचलेला असतो. उजव्या टोकाच्या युनिटसाठी पहिल्या दोन फेऱ्यांत एक फासा टाकावा आणि एक किंवा दोन पडल्यास ते गावाकडे वळावे. यापेक्षा जास्त सक्ती करू नये; घडलेली प्रत्येक चूक पुन्हा घडवून आणली तर खेळाडूकडे नुसते फासे टाकायचे काम उरेल.

प्रसंगात तोल कसा आणायचा

सैन्य ठरले, दर्जे ठरले, आणि शिंद्यांची बाजू अजूनही जड दिसते. आता यादीला हात न लावता बाकीचे बदलायचे.

पहिली गोष्ट सुरुवातीची मांडणी. शिंद्यांचे सैन्य कैटनाच्या पलीकडे दक्षिणेकडे तोंड करून मांडावे, आणि वेलस्लीला पूर्वेकडच्या उतारावरून नदी ओलांडून आलेला दाखवावा. वाटाड्यांनी उतार नाही असे सांगितले असतानाही नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसल्यावरून तिथे उतार असणार असा कयास त्याने केला होता. खेळाडूला हे माहीत असते, त्यामुळे उतार कुठे आहे हे पत्त्याने गुप्त ठेवण्याचा खटाटोप व्यर्थ. सरळ नदी ओलांडल्यानंतर खेळ सुरू करावा. मोर्चा फिरवायला शिंद्यांच्या खेळाडूला दोन किंवा तीन फेऱ्या लागाव्यात. इंग्रज खेळाडूला घाई करावी की फळी नीट लावावी, हा पेच त्यातूनच पडतो.

दुसरी गोष्ट, टेबलावर काय आणायचे नाही. वेलस्लीचे म्हैसूरकर आणि पेशव्यांकडचे स्वार कैटनाच्या दक्षिणेला थांबून शिंद्यांच्या घोडदळावर नजर ठेवून होते. दोन्ही बाजूंचे हे घोडदळ टेबलाबाहेर एकमेकांना अडकवून ठेवते असे धरले, तर इतिहासाशी प्रामाणिक राहून चाळीस हजार स्वारांचा प्रश्न सुटतो. शिंद्यांच्या खेळाडूला त्यांतली एक-दोन युनिटे आत आणायची असतील, तर त्याला एका कंपूचा हुकूम खर्च करावा लागावा. मराठी घोडदळाचे खरे सामर्थ्य रसद तोडण्यात आणि शत्रूला दमवण्यात होते. समोरासमोरच्या लढाईच्या यादीत त्याची किंमत लागतच नाही. ती दाखवायची असेल तर अनेक लढायांची मोहीमच खेळावी. तिथे वेलस्लीचे बैल आणि दाणागोटा हे त्याच्या पलटणींइतकेच महत्त्वाचे ठरतात.

तिसरी आणि सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे जिंकण्याची अट. मैदान कोणाच्या ताब्यात राहिले एवढ्यावर निकाल लावला, तर दोन्ही बाजू सावध आणि सुस्त खेळतात. इंग्रजांना प्रत्यक्षात ९८ तोफा मिळाल्या. त्या तोफांना विजयाचे माप करावे. आठ तोफांच्या मॉडेलपैकी सहा ताब्यात आली आणि नुकसान निम्म्याखाली राहिले तर इंग्रजांचा पूर्ण विजय, तोफा आल्या पण नुकसान निम्म्यावर गेले तर बरोबरी, नाहीतर शिंद्यांचा. असे केल्यावर मैदान सोडावे लागलेला शिंद्यांचा खेळाडूही शेवटच्या फेरीपर्यंत खेळात राहतो, कारण त्याला माणसे मारून आणि तोफा उशिरा देऊन निकाल फिरवता येतो. इंग्रज खेळाडूला लढाईच्या सुरुवातीलाच एक अडचण द्यावी: त्याच्या तोफांचे बैल मारले गेले, तोफा मागे पडल्या आणि पायदळाला संगिनींवरच पुढे जावे लागले. म्हणून त्याच्या तोफा पहिल्या फेरीनंतर हालू नयेत.

खुल्या सामन्यांसाठी

स्पर्धेत समोर कोण येईल हे माहीत नसते. तिथे प्रसंग आखता येत नाही आणि तोलाचा बराचसा भार यादीवरच पडतो. डीबीए या नियमपुस्तकाने १९९० साली याला एक सुंदर उत्तर दिले: प्रत्येक फौजेला ठरीव बारा एलिमेंट, पॉइंट नाहीतच, फक्त काही जागी ‘हे किंवा ते’ अशी निवड. खेळ तासाभरात संपतो आणि यादीतून पळवाट शोधायला जागा जवळजवळ राहत नाही. त्यानंतर आलेल्या डीबीएममध्ये फौज मोठी झाली, पॉइंट आणि किमान-कमाल मर्यादा परत आल्या आणि त्यांच्यासोबत हिशोबी खेळाडूही आला. सक्तीची युनिटे किमान संख्येला, भारी युनिटे कमाल संख्येला, आणि पॉइंटमधले शेवटचे नाणे वसूल करणारी फौज बनवणे हा त्याचा खेळ.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. यादीने दिलेल्या मुभेतच तो खेळतो. बंदोबस्त यादीतच करावा. सक्तीच्या युनिटांची किमान संख्या इतकी ठेवावी की निदान निम्मे पॉइंट त्यांतच खर्च व्हावेत. एका मोहिमेपुरते भेटलेले खास सैनिक त्या सालापुरतेच घेता यावेत. चांगल्या दशकातले घोडदळ आणि दुसऱ्याच दशकातल्या तोफा एका फौजेत येऊ नयेत. मित्रफौज आणायची तर तिचा सेनापतीही आणावा लागावा, आणि तो कधीतरी हुकूम नाकारेल अशी शक्यता ठेवावी. तरीही आझ्टेक आणि सामुराई समोरासमोर आले तर निकालाकडून इतिहासाची अपेक्षा करू नये. आयोजकांनी एकाच काळाची आणि प्रदेशाची स्पर्धा ठेवली, की यादीवरचा निम्मा ताण कमी होतो. अठराव्या शतकातला हिंदुस्थान या मर्यादेत मराठे, निजाम, म्हैसूर, अवध, रोहिले, दुराणी आणि कंपनी अशा कितीतरी फौजा बसतात आणि त्या खरोखर एकमेकींशी लढल्याही.

चाचणी

कागदावर नीट दिसणारी यादी खेळल्याशिवाय पक्की करू नये. त्याच दोन खेळाडूंनी बाजू बदलून तोच प्रसंग पुन्हा खेळावा. दोन्ही वेळा एकच बाजू जिंकली तर दोष प्रसंगात असण्याची शक्यता जास्त, दोन्ही वेळा एकच खेळाडू जिंकला तर दोष कुठेच नाही. एकाच निकालावरून फासे आणि यादी यांतला फरक कळत नाही, म्हणून निदान तीन-चार वेळा खेळावे. निकालापेक्षा काही प्रश्न अधिक उपयोगी: हरणाऱ्याला आपण हरलो हे कोणत्या फेरीत कळले? कोणत्या युनिटने काहीच केले नाही? दोघांपैकी कोणाकडे निवडण्यासारखे काही उरले नव्हते? शिंद्यांचा खेळाडू दुसऱ्या फेरीपासून नुसता फासे टाकत बसला असेल, तर जिंकला तरी प्रसंग फसला.

बदल करताना क्रम पाळावा. आधी जिंकण्याची अट, मग वेळ आणि येण्याची फेरी, मग जमीन, मग हुकमाची संख्या. युनिटांचा दर्जा आणि संख्या सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले हे समजत नाही. शेवटी संख्या बदलावीच लागली, तर यादीच्या समासात ‘हा आकडा खेळासाठी’ असे लिहावे, आणि मूळ आकडा व तो कोणत्या साधनातून घेतला हेही तिथेच नोंदवावे.